पत्रिकेची साक्ष



किशोरांच्या रहस्यकादंबरीत ज्योतिषी अवतरला की मला धास्ती वाटते. शेवटच्या प्रकरणात तो एक तर भोंदू निघतो, नाहीतर त्याचं भाकीत खरं ठरतं. भाकितानंच चोर सापडणार असेल, तर मधली दीडशे पानं वाचकानं कशाला वाचायची? आणि भोंदूला तर मुलांनी पहिल्याच पानावर ओळखलेलं असतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यांचा झुंजार धाडसावर तरून जायचा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे डोळे उघडे ठेवतो. मला त्याच्या बाजूनं बोलायचं आहे.

पत्रिकेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करा. समजा, वारसाच्या भांडणात एक जुनी पत्रिका पुढे आली. तिच्यात रवी मेषेत, बुध तुळेत. नववीतली मुलगी म्हणते, ही बनावट आहे. कारण बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे दिसतच नाही. तो सूर्याच्या राशीत किंवा शेजारच्या राशीतच हवा. शुक्राचीही धाव ४७-४८ अंशांपर्यंतच. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं मुक्काम करतो, त्यामुळे वय चोरणारा त्याच्या तावडीतून सुटत नाही. लग्नरास सुमारे दोन तासांनी बदलते, तिच्यावरून जन्मवेळ पडताळता येते. यासाठी फलितावर विश्वास असायची गरज नाही. पंचांग आणि वजाबाकी पुरते.

माहीममध्ये बसलोच आहोत, तर इथलंच घेऊ. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे बाराला ओहोटी. आता संशयित जबानी देतो की अष्टमीच्या भरदुपारी किल्ल्याच्या तटावर लाटा आपटत होत्या आणि पेटी त्यांत वाहून गेली. कोळीवाड्यातलं पोर तिथंच हसेल. लेखकाआधी गुन्हेगार पकडायची संधी त्याला मिळाली, ती भिंतीवरच्या कालनिर्णयामुळे. (ते १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर ज्योतिषी होते आणि त्याआधी शब्दकोडी घालायचे, हे मला फार आवडतं.)

फलिताचं काय, असं कुणी विचारेलच. जयंत नारळीकरांनी २००८ साली पुण्यात त्याची चाचणी घेतली. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे सोबत होते. हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या एकत्र मिसळल्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहून कोणती कुणाची ते सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. नावं झाकलेल्या कुंडल्या, उत्तरं एकाच्याच कुलपात, निकालाची वाट पाहणारे दोन्ही पक्ष! यावर आपल्यापैकी कुणीतरी किशोरकादंबरी लिहायलाच हवी.

फक्त त्यातल्या ज्योतिष्याला खलनायक करू नका. पत्रिका खोटी आहे हे सगळ्यांत आधी त्यालाच कळणार, कारण गणित त्याचं रोजचं. कळूनही तो गप्प का बसला? दक्षिणेसाठी, भीतीपोटी, की एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडू नये म्हणून? चौदा वर्षांच्या वाचकाला दोनशे पानं जागं ठेवायला एवढं पुरे.