बियाण्याला दोष देण्याआधी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल याच व्यासपीठावर संतसाहित्य झालं, उद्या हृदयरोग आहे. मधल्या दिवशी फाळ, चेन आणि नळ्या ऐकायला एवढी माणसं येतील असं संयोजकांनाही वाटलं नव्हतं. खुर्च्या आत्ता मागवल्यात. (हशा) मृगाला महिना उरलाय म्हणून आलात, हे मी ओळखून आहे.

पत्रिकेत विषय ‘पेरणी यंत्राची देखभाल’ असा छापलाय. माझं म्हणणं त्याहून छोटं आहे. आपण बियाण्याची उगवण तपासतो, यंत्राची झीज तपासत नाही, आणि पेर फसली की खापर पिशवीवर फोडतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे हे आता घराघरात माहीत आहे. 2020 साली सोयाबीन उगवलं नाही, तक्रारींचा ढीग पडला, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेही इथे कुणाला सांगायला नको. त्यात मी शिरत नाही.

(मागून आवाज : ‘कंपनीची बाजू घेता काय?’)

नाही हो! बियाणं खराब निघालं तर भरपाई मिळालीच पाहिजे. मी मास्तरकी केली, वकिली नाही. पण ऐका. बियाणं नासकं असेल तर सगळ्या रानात विरळ उगवेल. एका शेतकऱ्याने मला त्याचं सोयाबीन दाखवायला नेलं. तक्रारीचा अर्ज लिहून तयार होता. बांधावर उभं राहून ओळी मोजल्या, तर दर पाचवी ओळ कोरी. बाकीच्या चार ओळी हिरव्यागार. आता पिशवीतल्या दाण्याला काय ठाऊक, आपण पाचव्या ओळीत पडणार आहोत? (हशा) यंत्र भाड्याचं होतं, तिथे गेलो. कडेची नळी काढून उजेडाकडे धरली. आत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. दहा महिने यंत्र पत्र्याखाली उभं, तिला तेवढी उसंत पुरे. दोन बोटांचा मातीचा बोळा, आणि सगळ्या रानाचा पाचवा हिस्सा कोरा. अर्ज त्याने फाडला की नाही, ते मी विचारलं नाही.

पूर्वी असं का होत नव्हतं? तिफणीवर चाडं धरणारी बाई आठवा. ओटीत बी, मूठ चाड्यावर, आणि बोटांतून दाणे सुटायचे ते बैलांच्या चालीवर. नळा तुंबला तर चाड्यात बी साचलेलं तिला लगेच दिसायचं. हाळी दिली की बैल थांबायचे. म्हणजे तिफणीत बी मोजणारा, झिजणारा भागच नव्हता. मोजणारी बाई होती. आणि या अवजाराला कमी लेखू नका. पेरणी यंत्र म्हटलं की पुस्तकात इंग्लंडचा जेथ्रो टल आणि 1701 साल येतं. पण 1795 मध्ये हॅल्कॉट नावाच्या इंग्रज कप्तानाने दक्षिण हिंदुस्थानातल्या पाभरीच्या पेरणीबद्दल लंडनच्या कृषी मंडळाला लिहिलं. त्याची समजूत होती की ही युरोपातली अलीकडची युक्ती; इथे बघतो तर साधे कुणबी सरसहा ओळीत पेरताहेत. इतिहासाचे अभ्यासक धरमपाल यांनी 1971 च्या आपल्या ग्रंथात हे लिखाण पुन्हा छापलं, ते जरूर वाचा. त्यात बी टाकायच्या पद्धतीचं वर्णन... (संयोजक घड्याळ दाखवतात) हो, हो. तिफणीत गेलो की मी बाहेर येत नाही. (हशा)

तर, बाईच्या जागी ट्रॅक्टरवर काय आलं? पेटीच्या तळाशी खाचांची चकती किंवा पन्हाळीदार रूळ. तो फिरतो जमिनीवर चालणाऱ्या चाकाने, मध्ये चेन. चकतीच्या खाचेचे काठ झिजले की एकाच्या जागी दोन दाणे बसतात. जादा दाणा झाडणाऱ्या ब्रशचे केस गेले की तेच. ब्रश टणक झाला की सोयाबीनची पातळ साल तडकते, आणि गोणपाटात उगवलेलं बी रानात उगवत नाही. मग म्हणा बोगस!

आता जमिनीतलं. सोयाबीन 3 ते 5 सेंटीमीटर खोल पडायला हवं. फाळाचं टोक बोथट झालं की फण वर उचलतो, दाणा कोरड्यात पडतो. आणखी झिजला की नळीचं तोंडच मातीत घासून तुंबतं. आपले लोहार फाळ शेवटून द्यायचे. ट्रकच्या पाट्याचं टोक जोडून घेतलेले फाळ अजून दिसतात, चांगले चालतात. पण आपण करतो काय, तर पाचांपैकी जास्त झिजलेला एकच बदलतो. तो नवा जातो खोल, जुने चार वर, आणि एका पेरणीत दोन खोल्या. फाळ बदलायचे तर सगळे एकदम. जुन्यांतले बरे असतील ते पुढे शेवटून घ्या, पण एका रांगेत नवे-जुने मिसळू नका.

‘डोळ्याला तर यंत्र बरं दिसतं,’ असं म्हणाल. म्हणून मोजा. पाच फणांचं यंत्र, 45 सेंटीमीटर अंतर, म्हणजे रुंदी सव्वादोन मीटर. 45 मीटर चाललं की एक गुंठा झाला. चाकाचा घेर दीड मीटर असेल तर 30 फेरे. यंत्र उचला, पाच नळ्यांखाली पाच पिशव्या बांधा, चाक हाताने 30 वेळा फिरवा. एकरी 30 किलो पाडायचं असेल तर गुंठ्याला 750 ग्रॅम, म्हणजे प्रत्येक पिशवीत 150 ग्रॅम. रानात चाक थोडं घसरतं, तेवढी सूट ठेवा. आता पिशव्या वेगवेगळ्या तोला. एकीत 190 आणि एकीत 110 निघाले, तरी पाचांची बेरीज 750 भरू शकते! मालक म्हणेल, माप बरोबर आहे. कळ फिरवून एकूण बी कमीजास्त होतं. नळीनळीतला फरक कळीने जात नाही. तिथे नळी साफ करा, नाहीतर चकती, ब्रश, रूळ बदला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग भराभर सांगतो. चेन : अर्ध्या इंची चेनीच्या 24 कड्या 12 इंच भरतात, सव्वाबारा भरल्या तर चेन टाका, आणि दातेचक्राचे दात आकड्यासारखे वळले असतील तर तेही, नाहीतर नवी चेन हंगामात जाईल. खताची पेटी : खत ओल धरतं, पत्रा खातं, शेवटच्या एकरानंतर त्याच दिवशी धुवा, वाळवा, जळकं ऑइल फिरवा. नळ्या : उन्हाने तडकतात, उंदीर कुरतडतात, काढून घरात टांगा, तोंडाला चिंधी कोंबा. बेअरिंगचं राहिलं, प्रश्नोत्तरांत विचारा.

शेवटी खरं दुखणं. आपल्यातल्या बहुतेकांचं यंत्र भाड्याचं. मालकाला एकर हवेत, शेतकऱ्याला वाफसा साधायचाय, आणि झीज कुणाचीच नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. यंदा भाडं ठरवण्याआधी यंत्रवाल्याला सांगा, आधी गुंठ्याची चाचणी दाखव. पाच पिशव्या आणि एक तराजू, याला अर्धा तास लागतो. तो चिडला तर दुसरा बघा. आणि इथे बसलेल्या यंत्रमालकांना विनंती, की ही चाचणी मे महिन्यातच करून वजनं पेटीवर खडूने लिहून ठेवा. गिऱ्हाईक स्वतःहून येईल. पाऊस पडल्यावर यातलं काहीही करायला वेळ मिळत नाही.