आरशावरचा कण

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाचे स्मरण होते, आणि ते व्हायलाच हवे. मला मात्र त्याच्या सात वर्षे आधीचा एक प्रसंग सांगायचा आहे. १९२१ साली रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ या जहाजाने मायदेशी परतत होते. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना खिळवून ठेवले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, हे लॉर्ड रॅले यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता. त्यातून विशिष्ट कोनात पाहिले की पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ विझतो. रामन यांनी तो विझवला, आणि निळाई नाहीशी होण्याऐवजी अधिकच खुलली. रंग पाण्याच्या आतून येत होता.

वरची झळाळी बाजूला सारून विखुरलेला प्रकाश पाहायचा, ही युक्ती आज चिपच्या कारखान्यात दिवसरात्र राबते आहे. तेथे ‘रामन परिणाम’ वापरला जात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तेथील विकिरण साधे, रंग न बदलणारे असते. पण पाहण्याची रीत तीच.

चिप ज्यावर घडतात त्या सिलिकॉनच्या चकतीला वेफर म्हणतात. आजची वेफर ३०० मिलिमीटर व्यासाची आणि एक मिलिमीटरहूनही पातळ असते. झिलई अशी, की तीत चेहरा पाहावा. तिच्यावर शेकडो प्रक्रिया होतात आणि त्यांत महिने जातात. आरंभी बसलेला कण अखेरच्या चाचणीत कळला, तर ती सारी मेहनत मातीमोल. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्राशी माझा परिचय छपाईखान्यातला. ऑफसेटच्या रबरी ब्लँकेटवर कागदाचा कण बसला की काळ्याभोर मथळ्यात पांढरा ठिपका उमटतो. आमचा वाचक तो उदारपणे पोटात घालतो. चिप घालत नाही.

ही आरशासारखी चकती समोरून न्याहाळली, तर दिव्याचा झगमगाट तेवढा दिसेल. म्हणून लेसरचा झोत तिच्यावर तिरका सोडतात. निर्दोष पृष्ठभाग त्याला तितक्याच कोनाने पलीकडे धाडतो, आणि ती परावर्तित तिरीप मुद्दाम बाहेर जाऊ देतात. यंत्राचा डोळा उरलेल्या अंधाराकडे लागलेला असतो. वाटेत कण आला, की प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा फोटोमल्टिप्लायर नावाच्या अतिसंवेदनशील नलिकेत पोहोचतो. चकती गरगर फिरत हळूहळू सरकते. त्यामुळे लेसरचा ठिपका ग्रामोफोनच्या सुईसारखा वळत वळत सगळा पृष्ठभाग पालथा घालतो. चमक कोणत्या क्षणी दिसली, यावरून दोषाचा पत्ता लागतो. कौलाच्या फटीतून आलेल्या कवडशात नाचणारी धूळ आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या कणाला आपल्याकडे ‘त्रसरेणू’ असे नाव आहे आणि जुन्या तोलमापाची सुरुवात त्याच्यापासून होते. (म्हणून पूर्वजांना लेसर ठाऊक होता, असे कृपया कोणी समजू नये!)

गंमत अशी, की ज्या रॅले यांचे मत रामन यांनी खोडून काढले, त्यांचाच नियम या यंत्राची परीक्षा पाहतो. प्रकाशाच्या तरंगलांबीहून कण बराच लहान असेल, तर विखुरलेला प्रकाश कणाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने घटतो. व्यास निम्मा झाला, तर प्रकाश चौसष्टावा हिस्सा. १०० नॅनोमीटरच्या कणाऐवजी २० नॅनोमीटरचा शोधायचा, तर या हिशेबाने प्रकाश १५,६२५ पटींनी कमी! तरंगलांबी घटवली की चौथ्या घाताने लाभ होतो, म्हणून ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरऐवजी २६६ नॅनोमीटरचा अतिनील लेसर घ्यावा. लाभ १६ पट. सोळा कुठे आणि पंधरा हजार कुठे? लेसरची शक्ती वाढवावी, तर उष्णतेने पृष्ठभागच बिघडण्याची भीती. शिवाय उत्तमोत्तम झिलईही अणूंच्या पातळीवर किंचित खडबडीत असते आणि स्वतःच थोडा प्रकाश विखुरते. त्या धूसरपणात लहानग्या कणाची चमक बुडून जाते. वेफरचा व्यास दीडशे किलोमीटर, म्हणजे ढोबळमानाने मुंबई-पुणे रस्त्याएवढा कल्पिला, तर २० नॅनोमीटरचा कण हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढा होईल. तो दाणा काही मिनिटांत हुडकायचा आहे.

आणि सापडला तरी तो काय आहे? कण असेल तर धुऊन जाईल; स्फटिकातच राहिलेला खळगा असेल, तर धुऊन काय होणार? सरळ आणि तिरक्या झोतांत दोघांची चमक निराळ्या प्रमाणात पडते, त्यावरून निवाडा करतात. दोषाचा म्हणून जो आकार यंत्र सांगते, तोही खरा आकार नव्हे. तेवढाच प्रकाश विखुरणाऱ्या, माहीत असलेल्या मापाच्या लॅटेक्सच्या गोळीचा तो व्यास असतो.

आपल्याकडे मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये चिप बनू लागल्या. १९८९ च्या आगीने ती वाटचाल खुंटली. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा येथे टाटा आणि तैवानची पॉवरचिप यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. उद्दिष्ट दरमहा ५०,००० वेफरचे. आम्हा पत्रकारांचा सगळा भर गुंतवणुकीच्या आकड्यांवर. त्या वेफर तपासायच्या कशाने, हे आमच्यापैकी फारसे कोणी विचारले नाही. अशी यंत्रे घडवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत. अमेरिकेची केएलए आणि जपानची हिताची हाय-टेक ही त्यांतली ठळक नावे. केएलएचे संशोधन केंद्र चेन्नईत आहे आणि आपले अभियंते तेथे काम करतात. म्हणजे या विद्येला आपली माणसे परकी नाहीत. यंत्र मात्र परकेच आहे. दिवसरात्र न डगमगता चालणारा अतिनील लेसर येथे घडवायला काय काय लागेल? या सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच दिसत आहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात आपण तेथूनच करू.