निळ्या रॉकेलचा हिशेब

इंधनातील भेसळ ही केवळ पंपचालकाच्या नीतीची बाब नव्हे. ती दोन भावांतील अंतराची उपज आहे. शिधापत्रिकेवरचे रॉकेल स्वस्त, डिझेल महाग. म्हणून गरिबाच्या स्टोव्हसाठी निघालेले निळे रॉकेल वाटेतच टँकरमध्ये जिरे. २००५ साली लखीमपूर खिरीत भेसळीचा पंप बंद करविणारे इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ गोळ्यांना बळी पडले. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

पुढे शासनाने हे अंतर कमी केले, पण कसे? २०२० पर्यंत रॉकेलवरील अनुदानच संपवून! शिक्षा झाली ती शिधापत्रिकाधारकाला. दुचाकीस्वाराला पंपावर फिल्टर कागद मागता येतो. ज्याचा डबा रिकामाच घरी गेला, त्याची तक्रार कोणी नोंदविली?