पायांच्या शिरांची तपासणी : भीती कशाची?



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून पायांच्या शिरांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. प्रयोजन असे की, हे दुखणे तासन् तास उभे राहून काम करणाऱ्यांना अधिक सतावते. फळ्यासमोर उभे राहणारे शिक्षक, भिवंडी-मालेगावच्या मागांवरील कामगार, बेकरीतील कारागीर, दुकानात गिऱ्हाईक सांभाळणारे दुकानदार आणि पहाटेपासून ओट्यापाशी उभ्या असलेल्या आपल्या आया-बहिणी, ही सर्व आपलीच माणसे आहेत. पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा दिसू लागतात, संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात; आणि तरीही पायाला जखम होईपर्यंत माणूस डॉक्टरकडे जात नाही. "गेलो की ऑपरेशनच सांगतील", ही एक भीती; आणि "पाय उघडा करून दाखवायचा कसा?" हा दुसरा संकोच. म्हणून डॉक्टरकडे प्रत्यक्षात काय होते, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम दुखणे समजून घेऊ या. रोहिण्या हृदयाकडून रक्त नेतात आणि नीला, म्हणजे आपण ज्यांना शिरा म्हणतो त्या, ते परत आणतात. पायातील रक्ताला वर चढावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात व रक्त वर ढकलतात. शिरांतील लहान लहान झडपा ते खाली परतू देत नाहीत. शिरांतील रक्त एकाच दिशेने जाते हे विल्यम हार्वे याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, हातावरील शिरा बोटाने दाबून दाखवून दिले होते. पायातील या झडपा नीट मिटेनाशा झाल्या, की रक्त खाली साचते, शिरा फुगतात. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण, स्थूलपणा आणि दीर्घकाळ उभे राहणे यांनी हा त्रास वाढतो.

आता तपासणीकडे वळू. डॉक्टर आधी प्रश्न विचारतील. त्रास कधीपासून? सकाळी जास्त की संध्याकाळी? पाय उंच करून पडल्यावर बरे वाटते का? आईवडिलांना असा त्रास होता का? बाळंतपणे किती झाली? पूर्वी पायाला मोठी दुखापत किंवा शिरेत रक्ताची गाठ झाली होती का? मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, चालू गोळ्या यांचीही चौकशी होईल. गर्भनिरोधक गोळ्या घेत असल्यास तेही सांगावे, कारण त्यांतील काहींमुळे रक्त गोठण्याचा संभव वाढतो. ही सर्व उत्तरे घरूनच कागदावर लिहून न्यावीत आणि जुने कागद व औषधे बरोबर घ्यावीत.

त्यानंतर पाय पाहतात, आणि तेही आपल्याला उभे करून; कारण आडवे पडल्यावर शिरा रिकाम्या होतात व दोष दिसत नाही. जांघेपासून घोट्यापर्यंत पाय पाहावा लागतो, म्हणून सैल कपडे घालून जावे. भगिनींनी स्त्री-डॉक्टरची किंवा तपासणीच्या वेळी परिचारिका अथवा घरचे माणूस जवळ असावे अशी मागणी निःसंकोचपणे करावी. अशी मागणी करण्यात गैर काही नाही, आणि संकोचापायी तपासणी टाळण्याचे कारणही मग उरत नाही. डॉक्टर घोट्याजवळची कातडी विशेष लक्ष देऊन पाहतात. तेथे तपकिरी डाग, खाज, कडकपणा दिसला, तर दुखणे पुढे सरकले आहे असे समजतात. या अवस्थांना शून्य ते सहा असे क्रमांक आहेत. ही वर्गवारी १९९४ साली तज्ज्ञांनी ठरविली आणि २०२० मध्ये ती सुधारण्यात आली. दोन म्हणजे फुगलेल्या शिरा, तीन म्हणजे सूज, चार म्हणजे कातडीतील बदल, पाच म्हणजे भरलेली जखम आणि सहा म्हणजे वाहती जखम. आपले लोक बहुधा चार किंवा सहावर पोहोचून येतात. दोनवर येणाऱ्याचे काम किती सोपे असते, हे यावरून ध्यानात यावे.

पुढची मुख्य तपासणी म्हणजे डॉपलर सोनोग्राफी. ख्रिस्तियान डॉपलर या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेल्या तत्त्वावर ती चालते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते तत्त्व ठाऊक असेलच. पायावर गार जेली लावून एक लहान यंत्र फिरवितात, मधूनमधून पोटरी दाबतात आणि पडद्यावर रक्त कोणत्या दिशेने जाते ते पाहतात. वरच्या शिरांत रक्त अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ उलटे वाहिले, तर झडप निकामी झाली असे मानतात. यात सुई नाही, भूल नाही, क्ष-किरणही नाहीत. पाऊण तासाच्या आत बहुधा काम आटोपते व माणूस चालत घरी येतो.

जखम असल्यास किंवा पायाची नाडी मंद लागल्यास, घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९ हून कमी आले, तर रोहिणीत अडथळा असण्याचा संभव असतो. अशा पायाला घट्ट पट्टी बांधली तर अपाय होऊ शकतो. मधुमेहात हा आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून मधुमेह लपवू नये. दाबाचे मोजे दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत, ते याचसाठी.

तपासणीअंती प्रत्येकाला शस्त्रक्रिया सांगतात, हा समज चुकीचा आहे. पुष्कळांना चालण्याचा व्यायाम, वजन कमी करणे, पाय उंच ठेवणे आणि योग्य मापाचे मोजे एवढ्यावर भागते. ज्यांना अधिक उपचार लागतो, त्यांच्यासाठी शिरेत औषध टोचणे किंवा लेसर अथवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर बंद करणे असे उपाय आहेत. काही रुग्णांना शस्त्रक्रियाही लागते. कोणता उपाय, का, आणि खर्च किती, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. खासगी खर्च झेपत नसेल, तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शल्यचिकित्सा विभागाची ओ.पी.डी. गाठावी.

तीन सूचना मात्र कटाक्षाने पाळाव्यात. एक, फुगलेल्या शिरेवर ब्लेड मारून "खराब रक्त" काढून घेऊ नये. ते रक्त खराब नसते आणि जखम चिघळते. दोन, शीर फुटून रक्त वाहू लागल्यास आडवे पडावे, पाय उंच करावा, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि रुग्णालयात जावे. तीन, एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे; आत रक्ताची गाठ असू शकते. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब करू नये, कारण ती गाठ फुप्फुसात गेल्यास जीव धोक्यात येतो.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटची विनंती तुम्हांला आहे. तुम्ही शिकत आहात ते घरातल्या मोठ्या माणसांच्या कष्टांवर. आज घरी गेल्यावर अम्मीचे, अब्बांचे, दादीचे पाय एकदा नीट पाहा. घोट्याजवळ डाग किंवा सूज दिसली, तर वर सांगितलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांना विचारून तुमच्या वहीत लिहा, आणि सुट्टीच्या दिवसाची वाट न पाहता त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. ती वही डॉक्टरच्या टेबलावर ठेवलीत, तर तुमचे शिक्षण घराच्या कामी आले असे मी म्हणेन.