चित्रांना लोकाश्रय हवा

मुंबईच्या कोट विभागांत सायंकाळच्या सुमारास एक लहानसें दृश्य वरचेवर दिसतें. कचेरींतून सुटलेला एखादा गृहस्थ स्टेशनकडे जातां जातां जहांगीर कलादालनाच्या दाराशीं थबकतो. दारावर पुढें आलेलें काँक्रीटचें वळणदार छत न्याहाळतो, आंत टांगलेल्या चित्रांकडे दुरूनच नजर टाकतो आणि मनगटावरील घड्याळ पाहून चालूं लागतो. दार उघडें असतें. तिकीट काढावयाचें नसतें, कोणाची ओळख सांगावयाची नसते. तरीहि उंबरठा कांहीं त्याच्याकडून ओलांडला जात नाहीं.

घड्याळ हें केवळ निमित्त होय. ‘आपल्याला त्यांतलें काय कळणार?’ ही त्याची खरी भीति असते. तिच्याच जोडीला दुसरी एक शंका असते. आंत गेल्यावर कांहीं विकत न घेतां परतणें बरें दिसेल काय? या दोन्ही भीति निराधार आहेत. परंतु त्यांमुळें शहराच्या मालकीचें एक सुख शहरांतील असंख्य कुटुंबांच्या वांट्याला येत नाहीं.

हें दार आपोआप उघडलेलें नाहीं. मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ सालीं सुरू झाली आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं स्थापन झाली. सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांनीं अनेक नव्या चित्रकारांची रसिकांशीं गांठ घालून दिली. परंतु एकट्या चित्रकाराला आपलीं चित्रें लोकांपुढें मांडावयाचीं झाल्यास हक्काचें असें सार्वजनिक दालन दुर्मिळच होतें. चित्रकार के. के. हेब्बर व शास्त्रज्ञ होमी भाभा यांनीं ही उणीव सर कावसजी जहांगीर यांच्या मनावर बिंबविली. सर कावसजींनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ इमारतीचा खर्च दिला. तेव्हांच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयाच्या, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारांत हें दालन उभें राहिलें, आणि १९५२ सालीं मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. एका पित्यानें आपलें दुःख उराशीं कवटाळून न बसतां त्याचें सर्वांसाठीं घर बांधलें, असेंच म्हणावें लागेल.

फुकट या शब्दानें मात्र कोणी फसूं नये. प्रेक्षकाला प्रवेश विनामूल्य असला तरी प्रदर्शन विनामूल्य होत नाहीं. दालनाचें भाडें, चित्रांच्या चौकटी, त्यांची ने-आण, निमंत्रणपत्रिकांची छपाई हा सारा भार बहुधा चित्रकाराच्याच शिरावर असतो. जहांगीरमध्यें दालन मिळावें म्हणून कित्येक चित्रकार वर्षानुवर्षें वाट पाहतात. आणि पाळी आली म्हणजे हातीं येतो तो अवघा एक आठवडा. कोल्हापूर, नागपूर किंवा सावंतवाडीकडून गांठोडें बांधून आलेला तरुण चित्रकार सात दिवस सकाळीं अकरापासून सायंकाळीं सातपर्यंत एका कोपऱ्यांतल्या टेबलाशीं बसून दाराकडे डोळे लावतो. त्याचें चित्र विकलें गेलें तर त्याला आनंद होतोच. परंतु एखाद्या अनोळखी माणसानें त्याच्या चित्रापुढें पांच मिनिटें उभें राहावें, हीहि त्याची कमाईच असते. दारावरून परत फिरणाऱ्या गृहस्थाला आपण कोणाची कमाई बुडवीत आहों, याची कल्पनाहि नसते.

आतां कळण्याचा प्रश्न. नाट्यसंगीताला दाद देणाऱ्या शंभर श्रोत्यांपैकीं रागाचें नांव किती जणांना सांगतां येतें? पद रंगलें कीं मान डोलते; व्याकरण मागाहून येतें, किंवा येतहि नाहीं. चित्राच्या बाबतींतच परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट कां असावी? १९४७ सालीं मुंबईंत जो प्रगतिशील चित्रकारांचा गट स्थापन झाला, त्यांतील हुसेन यांनीं सिनेमाचे फलक रंगविले होते आणि आरा यांनीं मोटारी धुण्याचें काम केलें होतें. ज्यांनीं चित्रें काढलीं ते जर रस्त्यावरून दालनांत येऊं शकले, तर तीं पाहणाऱ्यानें रस्त्यावरच कां थांबावें?

प्रथम जाणाऱ्यानें सारें दालन पालथें घालण्याचा हव्यास धरूं नये. एकच चित्र निवडावें. तें आधीं दुरून पाहावें, मग जवळ जाऊन रंगाचे थर पाहावे, आणि पुन्हां चार पावलें मागें सरावें. शेजारची नांवाची चिठ्ठी शेवटीं वाचावी; आधीं वाचली तर डोळ्यांऐवजीं शब्दच चित्र पाहूं लागतात. मग चित्रकाराला संकोच न धरतां विचारावें, ‘हा निळा रंग येथेंच कां?’ असा साधा प्रश्न ऐकून रागावणारा चित्रकार विरळा. मुलें बरोबर असलीं तर फारच चांगलें, कारण तीं लाज न बाळगतां आवडनिवड बोलून दाखवितात.

याच परिसरांत १९९९ पासून काळा घोडा कलामहोत्सव भरूं लागला. या महोत्सवांत चित्रशिल्पांबरोबर व्याख्यानें, नाटकें व संगीत यांचाहि लाभ विनामूल्य मिळतो आणि गर्दी लोटते. गर्दी ही आनंदाचीच गोष्ट होय; मात्र शिल्पापुढें आपलेंच छायाचित्र काढून पुढें सरकणें म्हणजे पाहणें नव्हे. महोत्सवाची खरी फलश्रुति पुढच्या महिन्यांतील एखाद्या शांत मंगळवारीं त्या दालनांत किती पावलें वळतात, यावरूनच ठरावयाची.

ज्या काळ्या घोड्यावरून या भागाला नांव पडलें, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेंत नेण्यांत आला. लोकांनीं नांव मात्र सोडलें नाहीं. पुढें २०१७ सालीं त्याच परिसरांत नवा काळा घोडा उभा राहिला. त्याच्या पाठीवर स्वार नाहीं. कलेचेंहि तसेंच झालें आहे. राजाश्रय गेला, आतां आश्रय द्यावयाचा तो लोकांनीं. त्यासाठीं थैली लागत नाहीं. कचेरी सुटल्यावरची अर्धी घटका आणि एक उंबरठा ओलांडण्याचें धैर्य पुरेसें आहे. घराकडची गाडी चुकली तर थोड्या वेळानें दुसरी मिळते. आठवडा संपून भिंतीवरून उतरलेलें चित्र पुन्हां दृष्टीस पडेलच असें नाहीं.