सोंगातले शील



दिवसभर तापलेल्या भिंती अजून हाताला चटका देत आहेत. अशा वेळी घरचे अंगण आणि माठातले पाणी सोडून आपण इथवर आलात, याचा आम्हांला आनंद वाटतो. आणि आजचा विषय ठाऊक असूनही आलात, याचे आश्चर्य त्याहून अधिक वाटते. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा मंडपांतून वेदान्तापासून शेतीपर्यंत नाना विषय बोलले गेले. व्हिडिओ गेम हा विषय घेऊन उभे राहायचे, आणि तेही सेवाग्रामच्या इतक्या जवळ, म्हणजे कीर्तनाला येऊन पत्त्यांची महती सांगण्यासारखे आहे, हे आम्ही जाणून आहोत. तरी थोडे ऐकून घ्यावे.

ज्या खेळांविषयी आम्ही बोलणार आहोत त्यांना इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आपल्या भाषेत सरळ सांगायचे तर सोंगाचे खेळ. सोंग हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा असतो. लहान मूल लाकडाचा बैल सजवून दारोदार नेते आणि हक्काने बोजारा मागते. (मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध असलेली सिंदी ती रेल्वेची सिंदी. बाहेरगावचे लोक दोन्ही गावांचा घोटाळा करतात; पण लाकडी बैल काही तिथेच थांबत नाही.) त्या दिवशी ते मूल शेतकरी असते. बैल लाकडाचा आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही त्याला कोणी लाथ मारली तर ते रडते. सोंगाचे सारे मर्म या रडण्यात आहे.

कोकणातला दशावतारी नट याच्या पुढची पायरी गाठतो. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि आपण कोण, एवढे ठरले की रंगपट्टी लावून तो उभा राहतो, आणि संवाद जागच्या जागी रचतो. कथा ठरलेली, शब्द मात्र त्याचे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा जो बैठा खेळ छापला, त्याचे स्वरूप असेच होते. एकजण सूत्रधार. त्याने भुयार, राक्षस, खजिना यांचे वर्णन करायचे. बाकीच्यांनी कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर व्हायचे आणि आपण काय करतो ते सांगायचे. जमले की फसले, हे अनेक पैलूंचे फासे ठरवीत. पुढे संगणक विद्यार्थ्यांच्या हाती आला आणि सूत्रधाराची जागा त्या यंत्राने घेतली. 1981 साली ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे दोन खेळ निघाले, आणि त्यांनी या प्रकाराचा पाया घातला. जपानात 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि 1987 साली ‘फायनल फँटसी’ आले. त्यांचा पसारा मोठा आहे, पण आज आम्ही तिकडे वळत नाही. आमचे मन अडकले आहे ते एका वेगळ्याच खेळात.

तो खेळ म्हणजे 1985 सालचा ‘अल्टिमा’चा चौथा भाग. त्याच्या नावातच ‘अवतार’ हा शब्द आहे. रिचर्ड गॅरियट हा त्याचा कर्ता. आधीच्या भागांत खेळणारे लोक जिंकण्यासाठी वाटेल ते करीत. गावकऱ्यांना लुटावे, दुकानदाराला मारावे आणि शेवटी दुष्टाचा वध करून वीर म्हणवून घ्यावे. हे पाहून गॅरियट यांना प्रश्न पडला की हा कसला वीर? म्हणून चौथ्या भागात त्यांनी खलनायकच काढून टाकला. राक्षस आहेत, भुयारे आहेत, लढाया आहेत. पण शेवटी मारायला कोणी दुष्ट सम्राट नाही. खेळणाऱ्याने आठ गुण अंगी आणायचे: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता. प्रत्येक गुणाचे एक देवस्थान आहे. तिथे जाऊन त्या गुणाचा मंत्र जपत ध्यान करायचे. अध्यात्माचा मंत्र कोणता असेल? ओम्!

‘अवतार’ शब्द त्यांनी आपल्याकडून नेला खरा, पण नेताना उलटा केला. आपला अवतार खाली उतरतो. शब्दाची घडणच तशी आहे. देव माणसाच्या पातळीवर येतो. त्यांचा माणूस धडपडत वर चढतो आणि मग अवतार होतो. आम्हांला हा बदल चुकीचा वाटतो, पण वाईट वाटत नाही. आता तर संगणकाच्या पडद्यावर आपल्या नावापुढे लावलेल्या कोणत्याही चित्राला अवतार म्हणतात. आपल्या घरी मूल चिखलात लोळून आले की आई ज्या अर्थाने “हा काय अवतार!” म्हणते, त्या अर्थाच्या जवळच शब्द पोचला म्हणायचा.

गुणांचा खेळ आपल्याला नवा नाही. मोक्षपट आपल्याकडे होताच. परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीने चढायचे, दुर्गुणाच्या सापाने खाली यायचे. तोच खेळ एकोणिसाव्या शतकात विलायतेला गेला आणि धर्म झटकून सापशिडी होऊन बसला. पण मोक्षपटात एक उणीव आम्हांला नेहमी जाणवते. तिथे मद-मत्सराचा साप गिळतो तो कवडीच्या दानामुळे. खेळणाऱ्याने मत्सर केलेला नसतो. गॅरियट यांच्या खेळात दान पडत नाही, कृती मोजली जाते. भिकाऱ्याला नाणे दिले की करुणा वाढते. लढाई सोडून पळालात की शौर्य घटते. गावातल्या दुसऱ्याच्या पेटीतून सोने काढले की प्रामाणिकपणा बुडतो. आणि हा हिशेब पडद्यावर कुठेच दिसत नाही! राजवाड्यात एक द्रष्टा बसतो. त्याला जाऊन विचारले तर तो सांगतो की तुझे कुठवर आले.

इथे आम्हांला एक कबुली द्यायची आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या घरच्या जुन्या संगणकावर आम्ही हा खेळ प्रथम खेळलो. मंत्रसिद्धीसाठी लागणाऱ्या वस्तू विकणारी एक बाई तिथे असते. ती आंधळी आहे. तिच्याकडे लसूण, ज्येष्ठमधासारख्या मुळ्या, कोळ्याचे रेशीम असा माल मिळतो. ती किंमत सांगते आणि खेळ विचारतो, किती देणार? ती मोजून घेऊ शकत नाही. आम्ही एक नाणे दिले. तिने आभार मानले. आम्ही पुन्हा घेतले, पुन्हा एकच नाणे दिले, आणि आपण फार हुशार असे वाटून स्नेह्याला हाक मारून दाखवले. पुढे काही दिवसांनी प्रामाणिकपणाच्या देवस्थानात ध्यानाला बसलो तर फळ येईना. द्रष्ट्याकडे गेलो. त्याने सगळ्यांसमक्ष म्हणावे तसे आम्हांला चोर ठरवले. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. आमचे सोंग उघडे पडले ते पैशापाशीच. कोणा गुरुजींनी छडी मारून जेवढी लाज आणली नसती, तेवढी त्या पडद्यापुढे वाटली.

आता सेवाग्रामचे नाव आम्ही आरंभी घेतले ते उगीच नाही. आश्रमाची एकादश व्रते आपल्यापैकी अनेकांनी प्रार्थनेत म्हटली असतील. सत्य, अहिंसा, अस्तेय अशी ती अकरा. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना या व्रतांवर पत्रे लिहिली; ‘मंगल प्रभात’ या नावाने ती प्रसिद्ध आहेत. त्यांत नम्रतेवरही एक पत्र आहे. पण नम्रता व्रतांत नाही! गांधीजींचे म्हणणे असे की, नम्रतेचा हेतुपुरस्सर अभ्यास करता येत नाही. नम्र माणसाला आपल्या नम्रतेची जाणीवच नसते. आता गॅरियट यांची रचना पाहा. त्यांनी तीन मूलतत्त्वे मानली: सत्य, प्रेम, धैर्य. सत्यातून प्रामाणिकपणा, प्रेमातून करुणा, धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय, प्रेम आणि धैर्य मिळून त्याग, सत्य आणि धैर्य मिळून सन्मान. तिन्ही मिळून अध्यात्म. झाले सात. आणि नम्रता? ती या तिन्हींपैकी कशातूनच निघत नाही. ती एकटी, बाहेर उभी आहे.

या दोघांची भेट कधी झाली असेल असे आम्ही सुचवत नाही. एक संगणकवेडा तरुण, दुसरा चरख्यापुढे बसलेला वृद्ध. पण दोघांनाही गुणांची यादी करताना एकाच जागी अडखळल्यासारखे झाले, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. खेळाच्या आरंभी एक भविष्य सांगणारी बाई पेचाचे प्रश्न विचारते आणि उत्तरांवरून आपण कोण ते ठरते. ज्याने नम्रतेला सर्वांहून वर ठेवले तो मेंढपाळ होतो. मेंढपाळ हा त्या खेळातला सर्वांत दुबळा प्राणी. त्याला मिळते ते गावही गर्वामुळे उद्ध्वस्त झालेले, भुतांनी भरलेले. नम्रतेचे बक्षीस म्हणून काहीच न देणे, हा आम्हांला त्या कर्त्याचा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे अहिंसेला तिथे जागा नाही. फार तर पळणाऱ्या निरुपद्रवी जनावराच्या पाठीस लागू नये, एवढेच तो खेळ सांगतो. दुसरी अधिक गंभीर. हिशेब लपवला तरी हिशेबच तो. चलाख पोरे एकाच भिकाऱ्याला एकेक नाणे देत राहतात आणि करुणा भरून काढतात. पण मग आठवते की, पर्वकाळी नदीवर ओळीने बसलेल्यांपुढे चिल्लर टाकत जाणारे आपले यजमान तरी काय वेगळे करतात?

या दुसऱ्या उणिवेला उत्तर दिले ते 1999 साली निघालेल्या ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ने. याचा नायक शवागारात जागा होतो. त्याला स्वतःचे नाव आठवत नाही. तो मरत नाही. मरतो, पुन्हा उठतो, आणि मागचे विसरतो. किती जन्म गेले कोण जाणे. त्या जन्मांत त्याने ज्यांना फसवले, ज्यांना प्रेमाने बांधून घेतले, ते लोक वाटेत भेटत राहतात आणि त्याला आठवत नसलेले कर्ज मागतात. आणि सर्वांत भयंकर गोष्ट अशी की, तो जेव्हा जेव्हा मरून उठतो, तेव्हा तेव्हा त्याच्या जागी दुसराच कोणी मरतो, आणि त्या मेलेल्याची सावली त्याच्या मागावर राहते. कर्मविपाकाची कल्पना आपण लहानपणापासून ऐकतो. पण ‘माझे भोग दुसऱ्याने भोगले’ हा विचार इतक्या उघडपणे आम्ही पुराणातही क्वचित पाहिला. या खेळात तलवार फारशी उपयोगी पडत नाही. बोलावे लागते, वाचावे लागते. वाचायचे तर एका जाड कादंबरीहून अधिक. ज्यांना वाटते की या खेळांनी मुलांचे वाचन सुटले, त्यांनी हा एक खेळ मुलापाशी बसून पाहावा. (त्याच परंपरेतला, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांवर रचलेला ‘बाल्डर्स गेट’ 1998 साली निघाला, तो काढणारी कॅनडातली कंपनी डॉक्टरांनी स्थापन केली होती. सेवाग्राम आणि सावंगी मेघे यांच्यामध्ये बसून ऐकणाऱ्या श्रोत्यांत भावी डॉक्टर बरेच असतील, म्हणून सांगितले.)

आपल्याकडे असे काही होते का, असा प्रश्न येणार. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने 2020 साली ‘राजी’ हा खेळ काढला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, आणि मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपाने दिसतात. 2017 साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी काम सोडले नाही. 2020 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये नवोदितांच्या पहिल्या खेळासाठी असलेल्या पारितोषिकाच्या यादीत तो पोचला. काटेकोरपणे पाहता हा सोंगाचा खेळ नव्हे. राजीने काय करायचे ते ठरलेले आहे. आपण ते नीट पार पाडायचे. रूप देखणे आहे, पण तिथे कोणी आंधळी बाई आपल्यापुढे हात पसरत नाही. ही तक्रार नाही, अपेक्षा आहे.

आईबापांची काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या जुगाराने घरे बुडाली. त्याला आवर घालण्यासाठी संसदेला 2025 साली कायदा करावा लागला. पण त्या एका धाग्याने सगळे कापड मोजू नये. मूल काय खेळते हे विचारताना “किती वेळ?” याच्याबरोबर “तिथे तू कोण असतोस?” हेही विचारावे, एवढेच आमचे मागणे. उत्तर ऐकायला मात्र थोडे शेजारी बसावे लागेल.

राहिली आमची गोष्ट. चोर ठरल्यावर आम्ही त्या बाईकडे परत गेलो. जुने पैसे फेडण्याची सोय त्या खेळात नाही. क्षमा मागण्याचीही नाही. ती दर वेळी तेच स्वागत करते, तीच किंमत सांगते. उपाय एकच होता: गरज असो वा नसो, घ्यायचे आणि पुरे मोल द्यायचे. किती फेऱ्या केल्या ते आता आठवत नाही. शेवटी देवस्थानात ध्यानाला फळ आले, तेव्हा आमच्या पिशवीत इतका लसूण साठला होता की तो खेळ संपेपर्यंत संपला नाही.