एकच विषाणू, दोन माकडं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजारपण म्हटलं की आपण सगळा दोष जंतूला देतो. जंतू अंगात शिरला, वाढला आणि माणूस अंथरुणाला खिळला, असा आपला सरळ हिशेब असतो. आज मी तुम्हाला दोन माकडांविषयी सांगणार आहे. त्यांच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. तो का चुकतो, हे शोधता शोधता शास्त्रज्ञांना एड्सबद्दल फार मोलाची माहिती मिळाली आहे.

पहिलं माकड आहे सूटी मंगाबे. हे पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात राहतं आणि त्याचा रंग काजळीसारखा करडा असतो. दुसरं आहे ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतात देवळांच्या आवारात आणि रेल्वे स्टेशनांवर हमखास भेटणारं तांबड्या तोंडाचं माकड. एकेकाळी अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत ही माकडं मोठ्या संख्येनं भारतातून जात असत. १९७८ मध्ये आपल्या सरकारनं ही निर्यात बंद केली. तिथं वाढलेल्या त्यांच्या वंशजांना संशोधक आजही ‘भारतीय वंशाचे ऱ्हीसस’ म्हणून ओळखतात.

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड प्रायमेट संशोधन केंद्रात काही ऱ्हीसस माकडं एड्ससारख्या आजारानं खंगत होती. १९८५ मध्ये त्यांच्या शरीरातून एचआयव्हीचा एक भाऊबंद वेगळा करण्यात आला. त्याला आज आपण एसआयव्ही म्हणतो. पुढं असं दिसून आलं, की आशियातल्या रानात राहणाऱ्या ऱ्हीसस माकडांत हा विषाणू नसतोच. त्यांच्यात आढळलेल्या विषाणूचं मूळ घर म्हणजे मंगाबे. बंदिस्त ठेवलेल्या माकडांत तो एका जातीतून दुसरीत गेला होता. माणसाला होणाऱ्या एचआयव्हीच्या दोन प्रकारांपैकी एचआयव्ही-२ हा प्रकारही मंगाबेकडूनच आला आहे. जगभर पसरलेला एचआयव्ही-१ मात्र मुख्यतः चिंपँझीकडून आला.

आता गंमत पाहा. या विषाणूनं ऱ्हीसस एड्स होऊन मरतं. मंगाबे मात्र तोच विषाणू अंगात बाळगून सहसा आपलं आयुष्य नीट जगतं. यावर कुणीही म्हणेल, की मंगाबेची प्रतिकारशक्ती जबरदस्त असणार आणि तिनं विषाणूला दाबून टाकलं असणार. शास्त्रज्ञांनाही आधी तसंच वाटणं स्वाभाविक होतं. पण रक्त तपासलं तर चित्र वेगळंच निघालं. मंगाबेच्या एका मिलिलिटर रक्तात विषाणूच्या प्रती लाखाच्या घरात असू शकतात, म्हणजे आजारी ऱ्हीससइतक्याच. विषाणू दबलेला नव्हताच!

अटलांटामधल्या येर्किस प्रायमेट केंद्रात इटालियन शास्त्रज्ञ ग्विदो सिल्व्हेस्ट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. २००३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की फरक विषाणूच्या संख्येत नसून शरीराच्या प्रतिसादात आहे. ऱ्हीससच्या शरीरात प्रतिकारपेशी सतत चेतवलेल्या असतात. ज्यांना विषाणूचा स्पर्शही झालेला नाही, अशा पेशीही त्या धुमश्चक्रीत मरतात. मंगाबेच्या शरीरात विषाणू भरपूर असूनही शांतता असते.

मग मंगाबेचं शरीर विषाणूकडे दुर्लक्ष करतं का? तसंही नाही. २००९ मध्ये दोन संशोधक गटांनी संसर्गाचे अगदी सुरुवातीचे दिवस तपासले. एका गटानं मंगाबेचा, तर दुसऱ्यानं आफ्रिकन ग्रीन मंकी या अशाच माकडाचा अभ्यास केला. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन नावाची द्रव्यं सोडतात. हा शरीराचा धोक्याचा टोल म्हणा ना. हा टोल दोन्ही आफ्रिकी माकडांत जोरात वाजला आणि चारेक आठवड्यांत थांबला. ऱ्हीससमध्ये तो थांबलाच नाही. रात्रंदिवस टोल वाजत राहिला, तर पहारेकऱ्यांना झोप कुठली आणि त्यांचं बळ तरी टिकणार किती?

टोल वाजत राहण्याचं एक कारण आतड्यात आहे. विषाणू आतड्यातल्या सीडी-४ नावाच्या प्रतिकारपेशींवर तुटून पडतो. हे नुकसान दोन्ही माकडांत होतं. पण ऱ्हीससच्या आतड्याचं अस्तर पुढं झिरपू लागतं. तिथल्या जिवाणूंचे अंश रक्तात उतरतात आणि त्यामुळं शरीर पुन्हा पुन्हा चवताळतं. माणसातही हेच घडतं, असं २००६ मध्ये दिसून आलं. मंगाबेचं अस्तर मात्र शाबूत राहतं. शिवाय विषाणूला आत शिरण्यासाठी पेशीवर जी कडी लागते, ती मंगाबेच्या काही मोक्याच्या, दीर्घायुषी पेशींवर कमी असते. त्यामुळं त्या पेशी बचावतात.

यावरून प्रतिकार वाईटच, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. २०१४ मध्ये ऱ्हीससवरच्या एका प्रयोगात सुरुवातीच्या आठवड्यांत इंटरफेरॉनचं काम मुद्दाम अडवण्यात आलं. तेव्हा आजार अधिक वेगानं वाढला. उलट बाहेरून इंटरफेरॉन देत राहिल्यावर सुरुवातीला फायदा झाला, पण पुढं शरीर त्याला दाद देईनासं झालं आणि नुकसानच झालं. म्हणजे वेळेवर पेटणं जितकं महत्त्वाचं, तितकंच वेळेवर निवणंही.

मंगाबेला हे एका दिवसात साधलेलं नाही. पश्चिम आफ्रिकेजवळच्या बियोको बेटावरच्या माकडांमधल्या विषाणूंचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एसआयव्ही किमान ३२ हजार वर्षं जुना आहे. इतक्या पिढ्यांत किती माकडं बळी गेली असतील, कोण जाणे! माणसात एचआयव्ही-१ शिरला तो साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आपल्याजवळ हजारो वर्षं थांबायला सवड नाही.

म्हणूनच औषधं हवीत. आज नियमित गोळ्या घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो आणि तो माणूस दीर्घकाळ चांगलं जगू शकतो. तरीही अंगात मंद धग उरते आणि तिच्यामुळं हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतासह बारा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. त्यात एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर स्टॅटिन गटातलं एक औषध रोज दिलं गेलं आणि हृदयविकाराचे झटके, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

करोनाच्या साथीपासून आपल्याकडे ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगणाऱ्या काढ्यांच्या आणि पुड्यांच्या जाहिरातींचं पेव फुटलं. ती वाचताना मला मंगाबेची आठवण येते. त्याच करोनात, २०२० मध्ये, प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे प्राण वाचवणारं डेक्सामेथासोन हे औषध प्रतिकारशक्ती वाढवणारं नव्हतं, तर तिचा भडका शमवणारं होतं. अर्थात ते कधी आणि कुणाला द्यायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

आणि ज्यांच्या घरात कुणी एचआयव्हीच्या गोळ्या घेत असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की बरं वाटतंय म्हणून गोळी चुकवू देऊ नका. मंगाबेचं शरीर विषाणू अंगावर घेऊनही शांत राहतं. आपलं शरीर तसं राहत नाही. आपल्याला तो विषाणू दाबूनच ठेवावा लागतो, आणि ते काम रोजची ती गोळी करते.